संगणकयुगाची बाराखडी

बेलापूरच्या रेल्वे स्थानकावर उतरणारा प्रत्येक जण ‘सीबीडी’ हा शब्द दिवसातून एकदा तरी उच्चारतो. रिक्षावाल्याला ठिकाण सांगताना, पाकिटावर पत्ता लिहिताना, गावाकडून येणाऱ्या पाहुण्याला वाट समजावताना ही तीन अक्षरे आपल्या तोंडी असतात. परंतु दरवर्षी नव्या मुलांना आम्ही या अक्षरांचा अर्थ विचारतो, तेव्हा वर्गात शांतता पसरते. ‘सेंट्रल बिझनेस डिस्ट्रिक्ट’, म्हणजे शहराचा मध्यवर्ती व्यापारी विभाग, हा त्याचा अर्थ होय. १९७० साली स्थापन झालेल्या सिडकोने नवी मुंबईची आखणी केली, त्या आखणीत कार्यालयांसाठी आणि व्यापारासाठी योजलेला हा भाग. ‘सिडको’ हा शब्दही आद्याक्षरांचाच आहे. शहर आणि औद्योगिक विकास महामंडळ या इंग्रजी नावाच्या आद्याक्षरांतून तो तयार झाला. या शब्दांचे अर्थ ठाऊक नसले तरी लोकल येथे थांबतेच आणि कोकण भवनाची पायरीही चढता येते. आपले काही अडत नाही.

संगणक आणि मोबाईलच्या जगातील शब्दांचे मात्र तसे नाही. तेथे शब्द कळला नाही तर माणूस दाराबाहेर राहतो. हे आम्हांस एका प्रसंगाने शिकविले. तो प्रसंग आमच्याच अज्ञानाचा असल्याने प्रारंभीच सांगून टाकतो.

काही वर्षांपूर्वी दहावी होऊन बाहेर पडलेल्या एका मुलीचे वडील शिष्यवृत्तीचा अर्ज दाखवावयास आमच्याकडे आले. ते नाक्यावर उभे राहून काम मिळविणारे मजूर. मोबाईलच्या पडद्यावर अर्जाचे सर्व रकाने भरलेले दिसत होते, कागदपत्रे जोडलेली होती आणि वर इंग्रजीत ‘सेव्ह्ड’ असे लिहिले होते. आम्ही इतिहासाचे एम. ए. ‘सेव्ह’ म्हणजे जतन करणे, हा शब्दकोशातील अर्थ आम्हांस उत्तम ठाऊक. “झाले तुमचे काम,” असे सांगून आम्ही त्यांना निरोप दिला. प्रत्यक्षात अर्ज जतन झाला होता, पण पाठविला गेला नव्हता. मुदत उलटली आणि त्या वर्षीची शिष्यवृत्ती हुकली. वडिलांनी आम्हांस दोष दिला नाही. “सर, तुम्हालाच कळलं नाही, तर आम्हाला काय कळणार?” एवढेच ते म्हणाले. तो प्रश्न आजही आमच्या मनातून जात नाही.

त्यानंतर आम्ही आमच्याच विद्यार्थ्यांकडून हे शब्द शिकून घेतले. शाळेच्या या स्मरणिकेत ते पालक, माजी विद्यार्थी आणि समाजबांधव यांच्यापुढे मांडीत आहोत. आम्ही तंत्रज्ञ नाही. इतिहासाच्या शिक्षकाला जसे समजले तसे सांगण्याचा हा प्रयत्न आहे.

यंत्र आणि आज्ञा

संगणक म्हणजे दिलेल्या आज्ञांनुसार माहितीवर प्रक्रिया करणारे यंत्र. आपल्या खिशातील स्मार्टफोन हाही संगणकच आहे. या यंत्राच्या ज्या भागांना हात लावता येतो, ते सारे हार्डवेअर : पडदा, कळफलक, माउस, आतील सुटे भाग, तारा. हे भाग ज्या आज्ञांवर चालतात, त्या आज्ञांचा संच म्हणजे सॉफ्टवेअर. वर्गात आम्ही पेटीचे उदाहरण देतो. हार्मोनियमची पेटी हे हार्डवेअर आणि तिच्यावर वाजणारे भीमगीत हे सॉफ्टवेअर. पेटी एकच असते, गाणी मात्र कितीही वाजविता येतात. पेटी नवी कोरी असली तरी गाणे येत नसेल तर ती मुकीच राहते.

सॉफ्टवेअरमध्ये एक मुख्य प्रकार ‘ऑपरेटिंग सिस्टिम’चा. वसतिगृहात गृहपाल असतो, तसे हिचे काम. कोणाला कोणती खोली, कोणाची वेळ कधी, दिवे कधी मालवायचे, ही सर्व व्यवस्था ती पाहते. मोबाईलमधील अँड्रॉइड किंवा कार्यालयातील संगणकावरचे विंडोज ही तिची परिचित नावे. तिच्या आधाराने एखादे विशिष्ट काम करणारे सॉफ्टवेअर म्हणजे ॲप. ‘अपडेट’ म्हणजे या सॉफ्टवेअरची सुधारित आवृत्ती. अपडेटने पुष्कळदा सुरक्षेतील भगदाडे बुजविली जातात, म्हणून अपडेट वारंवार पुढे ढकलू नये.

स्मरण आणि साठवण

बौद्ध परंपरा सांगते की, तथागतांचे वचन प्रथम भिक्खूंनी कंठस्थ करून राखले आणि पुढे इसवी सनपूर्व पहिल्या शतकात श्रीलंकेत ते ग्रंथबद्ध झाले. कंठस्थ वचन हे पाठ करणाऱ्याच्या आयुष्यावर अवलंबून, तर ताडपत्रावरचे वचन पाठ करणारा गेला तरी टिकते. संगणकातही अशा दोन जागा आहेत. ‘रॅम’ ही तात्पुरती स्मृती. समोर चालू असलेले काम तिच्यात राहते आणि वीज गेली की ते पुसले जाते. ‘स्टोरेज’ ही कायमची साठवण. यंत्र बंद केले तरी तेथील मजकूर शाबूत राहतो. फळा आणि वही यांतला जो भेद, तोच येथे. ‘सेव्ह’ करणे म्हणजे फळ्यावरचे वहीत उतरविणे. ती वही शिक्षकाकडे तपासायला देणे, हे त्यापुढचे वेगळे काम. आमची चूक झाली ती नेमकी याच ठिकाणी.

साठवणीची मापे अगदी सोपी आहेत. सर्वांत लहान माप ‘बिट’. त्याची अवस्था दोनच प्रकारची, शून्य किंवा एक, जसा दिवा बंद असतो किंवा चालू. अशा आठ बिटांचा एक ‘बाइट’. आठ दिव्यांच्या ओळीत बंद-चालूचे २५६ वेगवेगळे नमुने तयार होतात. १०२४ बाइटचा एक केबी, १०२४ केबीचा एक एमबी आणि १०२४ एमबीचा एक जीबी. हिशेब सोपा व्हावा म्हणून काही ठिकाणी १०२४ ऐवजी १००० धरतात.

या मापांनी केवढी मजल मारली, ते पाहण्यासारखे आहे. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत आपल्याच शास्त्रज्ञांनी ‘टिफ्रॅक’ नावाचा संगणक बांधला आणि १९६० साली तो कार्यान्वित झाला. त्याच्या मुख्य स्मृतीत प्रत्येकी ४० बिटांचे २०४८ शब्द मावत, म्हणजे एकूण अवघे १० केबी. आज साध्या मोबाईलने काढलेले एखादे छायाचित्रही ३ एमबी भरते.

हा हिशेब पालकांच्या प्रत्यक्ष कामाचा आहे. समजा, अर्जात लिहिले आहे की जातीच्या दाखल्याची प्रत २५६ केबीपेक्षा लहान असावी. आपण मोबाईलने काढलेली प्रत ३ एमबीची, म्हणजे ३०७२ केबीची, मर्यादेच्या बारा पट. संकेतस्थळ ती नाकारते आणि आपल्याला वाटते की दाखल्यातच काही खोट आहे. दाखला अगदी बरोबर असतो, फक्त त्याच्या चित्राचा आकार मोठा असतो. ‘कॉम्प्रेस’ करणे म्हणजे तो आकार कमी करणे. तसे करताना दाखल्यावरील क्रमांक, शिक्का आणि सही वाचता येतात ना, एवढे मात्र डोळ्यांनी पाहून घ्यावे.

फाइल, पीडीएफ आणि सबमिट

‘फाइल’ म्हणजे नाव देऊन ठेवलेला एक मजकूर, एक चित्र किंवा एक ध्वनिमुद्रण. ‘फोल्डर’ म्हणजे अशा फायली एकत्र ठेवण्याचे दप्तर. शाळेच्या कपाटात इयत्तेनुसार गठ्ठे बांधलेले असतात, तसेच हे. पालकांना आमची सूचना अशी की, मुलाच्या नावाचा एक फोल्डर करावा आणि त्यात शाळा सोडल्याचा दाखला, गुणपत्रक, जातीचा दाखला, उत्पन्नाचा दाखला अशी स्पष्ट नावे देऊन प्रती ठेवाव्यात. अर्जाच्या शेवटच्या रात्री धावाधाव होत नाही.

‘स्कॅन’ म्हणजे कागदाची डिजिटल प्रत काढणे. ‘पीडीएफ’ हा फाइलचा असा प्रकार आहे की, ती कोणत्याही यंत्रावर उघडली तरी पानाची मांडणी तशीच राहते. म्हणून कार्यालये पीडीएफ मागतात. ‘डाउनलोड’ म्हणजे दूरच्या संगणकावरून फाइल आपल्याकडे उतरवून घेणे आणि ‘अपलोड’ म्हणजे आपल्याकडील फाइल तिकडे चढविणे.

आता ते तीन शब्द, ज्यांनी आमची परीक्षा पाहिली. ‘ड्राफ्ट’ म्हणजे कच्चा मसुदा. ‘सेव्ह’ म्हणजे तो मसुदा जतन करणे. ‘सबमिट’ म्हणजे अर्ज कार्यालयाकडे सादर करणे. सादर झालेल्या अर्जाला बहुधा एक क्रमांक मिळतो. तो क्रमांक हाच आपला पुरावा. तो आला नाही तर अर्ज गेला नाही असेच समजावे, आणि आला तर त्याच क्षणी वहीत लिहून ठेवावा. अर्ज सादर झाल्यावरही काम संपत नाही. महाविद्यालयाने किंवा कार्यालयाने तो तपासून त्रुटीसाठी परत पाठविलेला असू शकतो. ‘स्टेटस’ म्हणजे अर्जाची सद्यस्थिती, आणि ती दर आठवड्याला पाहावी. दुरुस्तीलाही मुदत असते.

अक्षर आणि युनिकोड

संगणकाला अक्षरे कळत नाहीत, त्याला फक्त आकडे कळतात. म्हणून प्रत्येक अक्षरासाठी एकेक आकडा ठरवावा लागतो. पूर्वी मराठी टंकलेखनाच्या निरनिराळ्या पद्धतींनी आपापले आकडे ठरविले होते. त्यामुळे एका कार्यालयात टंकलिहिलेले पत्र दुसऱ्या कार्यालयात उघडले की अक्षरांच्या जागी भलतीच चिन्हे दिसत. ‘फॉन्ट’ म्हणजे अक्षराचे वळण. तो फॉन्ट त्या यंत्रात नसेल तर पत्र वाचताच येत नसे.

इतिहासात याला एक समांतर उदाहरण आहे. सम्राट अशोकाचे शिलालेख शतकानुशतके लोकांच्या डोळ्यांसमोर होते. दगडावरची अक्षरे झिजली नव्हती, परंतु ती वाचण्याची किल्ली हरवली होती. १८३७ साली जेम्स प्रिन्सेप यांनी ब्राह्मी लिपीची ती किल्ली शोधली आणि धम्माचा सम्राट पुन्हा बोलू लागला. मजकूर शाबूत असला तरी संकेत ठाऊक नसेल तर तो मुकाच राहतो.

संगणकाच्या बाबतीत ही किल्ली सर्वांसाठी एक करण्याचे काम ‘युनिकोड’ने केले. १९९१ साली त्याची पहिली आवृत्ती आली आणि तिच्यात देवनागरीला १२८ जागांचा स्वतंत्र गट मिळाला. युनिकोडमध्ये ‘भ’चा क्रमांक २३४९, दीर्घ वेलांटीचा २३६८ आणि ‘म’चा २३५०. हे तीन आकडे या क्रमाने आले की ‘भीम’ हे नाव उमटते, मग तो संगणक बेलापूरचा असो, नागपूरचा असो वा लंडनचा. मराठीत लिहिताना युनिकोडच वापरावा, असा आमचा आग्रह आहे. आपल्या वस्त्यांचा, चळवळीचा, मंडळांचा इतिहास त्यात लिहिला गेला तर उद्याच्या संशोधकाला तो शोधता येईल.

जाळे, सर्व्हर आणि ढग

जगभरातील संगणकांना एकमेकांशी जोडणारे जाळे म्हणजे इंटरनेट. १५ ऑगस्ट १९९५ रोजी भारतात ते सर्वसामान्य ग्राहकांसाठी खुले झाले. या जाळ्यावर वाचनासाठी किंवा कामासाठी मांडलेली पाने म्हणजे ‘वेबसाइट’ अथवा संकेतस्थळ. ती पाने उघडून दाखविणारे सॉफ्टवेअर म्हणजे ‘ब्राउझर’. कोणते पान कोठे आहे ते शोधून देणारी सोय म्हणजे ‘सर्च इंजिन’. ग्रंथालयात ग्रंथ, वाचनाचे मेज आणि ग्रंथसूची या तीन निराळ्या गोष्टी असतात, तसेच हे तीन शब्द निराळे आहेत.

मागितलेली माहिती पुरविणारा संगणक म्हणजे ‘सर्व्हर’. वसतिगृहाचे स्वयंपाकघर डोळ्यांसमोर आणावे. मुले ताट घेऊन खिडकीशी येतात, मागतात आणि आतून वाढले जाते. पन्नास मुलांसाठीच्या खिडकीवर पाचशे मुले एकाच वेळी आली तर रांग तुंबते. अर्जाच्या अखेरच्या दिवशी ‘सर्व्हर डाउन’ होतो, त्याचे कारण पुष्कळदा हेच असते. मुदतीच्या आठ दिवस आधी अर्ज भरावा, हा त्यावरचा साधा उपाय.

‘क्लाउड’ या शब्दाने अनेकांचा गोंधळ उडतो. क्लाउड म्हणजे ढग. आपली छायाचित्रे आणि कागदपत्रे ‘क्लाउडवर’ आहेत असे म्हणतात, तेव्हा ती आकाशात नसतात. ती कोणाच्या तरी मोठ्या सर्व्हरवर, एका भक्कम इमारतीत असतात. अशा इमारतीला ‘डेटा सेंटर’ म्हणतात. त्या पाहण्यास दूर जावे लागत नाही. आपल्याच ठाणे-बेलापूर मार्गावर ऐरोली, रबाळे, महापे या भागांत अशी मोठी डेटा सेंटर्स उभी आहेत. वीज आणि गारवा यांच्या भरवशावर ती अहोरात्र चालतात. ढग आहे तो आपल्या शेजारी, जमिनीवरच.

‘बॅकअप’ म्हणजे मूळ प्रत नष्ट झाली तरी उपयोगी पडावी म्हणून अन्यत्र ठेवलेली दुसरी प्रत. तिचे महत्त्व बौद्ध इतिहासाइतके कोणी शिकविलेले नाही. नालंदेची ग्रंथसंपदा नष्ट झाली. तरीही भारतातून नाहीसे झालेले अनेक ग्रंथ आज तिबेटी आणि चिनी भाषांतरांतून उपलब्ध आहेत, कारण यात्रेकरू भिक्खूंनी त्यांच्या प्रती परदेशी नेल्या होत्या. एकट्या ह्युएन त्सांगने ६५७ ग्रंथ चीनला नेल्याची नोंद आहे. ज्यांचे घर पावसात गळते, पाडापाडीत हलते किंवा आगीत जळते, त्यांनी तर दाखल्यांची दुसरी प्रत ठेवलीच पाहिजे. शासनाचे ‘डिजिलॉकर’ २०१५ पासून याच उपयोगाचे आहे. त्यात संबंधित कार्यालयाकडून थेट आलेला दाखला कायद्याने मूळ दाखल्यासारखाच ग्राह्य धरला जातो. आपण स्वतः काढून ठेवलेल्या छायाचित्राला मात्र तो मान नाही.

ओळख आणि तिची कुलुपे

‘यूजरनेम’ म्हणजे संकेतस्थळाने आपल्याला ओळखण्याचे नाव आणि ‘पासवर्ड’ म्हणजे त्या नावाची किल्ली. नाव इतरांना कळले तरी चालते, किल्ली कळता कामा नये. मुलाचे नाव आणि जन्मसाल जोडून केलेला पासवर्ड ही दाराच्या चौकटीवर ठेवलेली किल्ली समजावी. ‘ओटीपी’ म्हणजे एकदाच चालणारा पासवर्ड. तो काही मिनिटांपुरता असतो आणि आपल्याच मोबाईलवर येतो. तो दुसऱ्याला सांगणे म्हणजे कोऱ्या कागदावर अंगठा देणे. कोऱ्या कागदावरच्या अंगठ्याने आपल्या आजोबा-पणजोबांच्या जमिनी कशा गेल्या, हे समाजाला नव्याने सांगण्याची गरज नाही.

‘केवायसी’ म्हणजे ग्राहकाची ओळख पटवून घेणे. त्यासाठी बहुधा आधार क्रमांक मागतात. देशातील पहिला आधार क्रमांक २९ सप्टेंबर २०१० रोजी आपल्याच महाराष्ट्रात, नंदुरबार जिल्ह्यातील टेंभली या आदिवासी गावात दिला गेला. या बारा अंकी क्रमांकाशी निगडित दोन शब्दांत पालकांची हमखास गल्लत होते. बँकेत आधारची प्रत देऊन ओळख पटविली, ही झाली केवायसी. शासनाचे अनुदान आधारच्या आधारे ज्या खात्यात जमा व्हावे, ते खाते राष्ट्रीय पातळीवरील नोंदीत आधारशी जोडलेले असणे, हे झाले ‘आधार सीडिंग’. एका वेळी असे एकच खाते असते आणि शेवटी जोडलेले खाते ग्राह्य धरतात. मुलाने मध्येच दुसरीकडे नवे खाते उघडून तेथे जोडणी केली तर शिष्यवृत्ती त्या खात्यात जाते, आणि आपण जुन्या पासबुकावर नोंद शोधीत राहतो. म्हणून बँकेत ‘सीडिंग झाले आहे का?’ असा नेमका प्रश्न विचारावा.

येथे नावाचीही गोष्ट सांगितली पाहिजे. मनुष्य समजून घेतो, संगणक केवळ तुलना करतो. ‘कांबळे’ हे आडनाव इंग्रजीत एका दाखल्यावर ‘के-ए-एम-बी-एल-ई’ आणि दुसऱ्यावर ‘के-ए-एम-बी-ए-एल-ई’ असे लिहिले असेल, तर कारकुनाला तो एकच मुलगा दिसतो, संगणकाला दोन दिसतात. दहावीच्या परीक्षेचा अर्ज भरण्यापूर्वीच सर्व दाखल्यांवरील नावे एकसारखी करून घ्यावीत.

पैसा, भीम आणि क्यूआर

१९२३ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचा रुपयाच्या प्रश्नावरील इंग्रजी ग्रंथ लंडनमध्ये प्रकाशित झाला. त्यानंतर ९३ वर्षांनी, ३० डिसेंबर २०१६ रोजी, मोबाईलवरून पैसे पाठविण्याच्या ‘भीम’ ॲपचा प्रारंभ झाला. त्याच्या इंग्रजी नावाची आद्याक्षरे जुळून ‘भीम’ हा शब्द होतो आणि हे नाव बाबासाहेबांवरून दिल्याचे त्या वेळी पंतप्रधानांनी जाहीर केले होते. हे ॲप ज्या व्यवस्थेवर चालते ती ‘यूपीआय’. निरनिराळ्या बँकांच्या खात्यांत मोबाईलवरून थेट पैसे पाठविण्याची ती सामाईक पद्धत आहे. इतर अनेक ॲपही तिच्यावरच चालतात.

‘क्यूआर कोड’ म्हणजे काळ्या-पांढऱ्या चौकोनांत गुंफलेली माहिती. दुकानातील कोडमध्ये पैसे कोणाला द्यायचे, त्याचा पत्ता असतो. ‘यूपीआय पिन’ ही आपल्या खात्यातून पैसे बाहेर काढण्याची किल्ली. यातून एकच नियम लक्षात ठेवावा : पैसे देण्यासाठी पिन लागतो, पैसे घेण्यासाठी कधीही लागत नाही. ‘तुमचे अनुदान आले आहे, ते मिळविण्यासाठी पिन टाका,’ असे सांगणारा मनुष्य चोर आहे, याविषयी शंका बाळगू नये.

कालामांना दिलेला उपदेश

केसपुत्तच्या कालामांना तथागतांनी सांगितले होते की, एखादी गोष्ट परंपरेने आली, अनेकांनी सांगितली किंवा अधिकारी व्यक्तीच्या मुखातून आली, एवढ्यावरून ती स्वीकारू नये. स्वतः पारखून घ्यावी. मोबाईलच्या काळात याहून उपयुक्त सुरक्षानियम आम्हांस तरी ठाऊक नाही.

‘फिशिंग’ म्हणजे गळ टाकणे. बँकेचे किंवा शासनाचे सोंग घेऊन पाठविलेला संदेश हा तो गळ. त्यातील ‘लिंक’ दाबली की आपण खोट्या संकेतस्थळावर पोहोचतो. संकेतस्थळाचा पत्ता म्हणजे ‘यूआरएल’. त्यातील पहिल्या तिरप्या रेषेपूर्वीचा भाग उजवीकडून वाचावा. भारतातील शासकीय संकेतस्थळांचा हा भाग बहुधा ‘जीओव्ही डॉट इन’ने संपतो, आणि तो शेवट खासगी व्यक्तीला मिळत नाही. पत्त्यात कोठेतरी ‘महाराष्ट्र’ किंवा ‘शिष्यवृत्ती’ असे शब्द दिसले म्हणून भुलू नये. पत्त्यापूर्वी दिसणारे कुलपाचे चिन्ह एवढेच सांगते की, वाटेत कोणी मजकूर वाचू शकत नाही. पलीकडे बसलेला प्रामाणिक आहे, याची हमी ते देत नाही.

अलीकडे ‘डिजिटल अरेस्ट’ असे म्हणून घाबरविण्याचा प्रकार वाढला आहे. पोलिसांच्या वेशातील मनुष्य व्हिडिओ कॉलवर येतो आणि दिवसभर हलू देत नाही. भारतीय कायद्यात अशी अटक अस्तित्वात नाही. संविधानाचा अभिमान बाळगणाऱ्या समाजाने एवढा कायदा जाणलाच पाहिजे. फसवणूक झालीच तर लाज न बाळगता तत्काळ १९३० या क्रमांकावर तक्रार करावी. जितकी त्वरा, तितकी पैसे अडविण्याची शक्यता अधिक.

‘कृत्रिम बुद्धिमत्ता’ हा शब्द मुलांच्या तोंडी सर्रास आला आहे. प्रचंड प्रमाणातील मजकुरातून शब्दांचे नमुने शिकून उत्तर रचणारे हे सॉफ्टवेअर. त्याची भाषा सफाईदार असते, पण सफाईदार उत्तर खरे असतेच असे नाही. आमच्या वर्गात मुलांनी त्यातून आणलेल्या सनावळ्या आम्ही पुस्तकाशी ताडून पाहावयास लावतो.

तळे खुले झाले, पाणी मात्र…

४ ऑगस्ट १९२३ रोजी मुंबई विधिमंडळात सी. के. बोले यांचा ठराव संमत झाला आणि सार्वजनिक पाणवठे, विहिरी, शाळा अस्पृश्यांना खुल्या झाल्या. महाड नगरपालिकेनेही चवदार तळे खुले केल्याचा ठराव केला. कागदावर तळे खुले होते, परंतु २० मार्च १९२७ पर्यंत त्याची ओंजळ कोणी भरू शकले नाही. बाबासाहेबांनी हजारोंना सोबत घेऊन तळ्याची पायरी उतरली, तेव्हा तो ठराव खरा झाला.

आज शिष्यवृत्ती, प्रवेश, दाखले, नोकरीच्या जाहिराती सर्वांसाठी ‘ऑनलाइन’ खुल्या आहेत. येथे वाट अडवून कोणी उभा नाही. परंतु ‘सबमिट’ आणि ‘सीडिंग’ या शब्दांपाशी आपला माणूस थबकतो आणि हक्काचे पाणी तसेच राहून जाते. दोन्ही काळांतील अन्याय सारखे आहेत, असे आम्ही म्हणणार नाही. खुले असणे आणि हाती येणे यांतील अंतर मात्र दोन्हीकडे आहे, आणि ते माणसांनीच कापावे लागते.

१९२५ साली बहिष्कृत हितकारिणी सभेने सोलापूरला वसतिगृह उघडले, तेव्हा शिकलेल्याने न शिकलेल्याचा हात धरावा हीच त्यामागची भूमिका होती. आपली शाळा त्याच वाटेवरची आहे. आमचे कित्येक माजी विद्यार्थी आज बँकांत, शासकीय कार्यालयांत आणि माहिती तंत्रज्ञानाच्या कंपन्यांत आहेत. त्यांना आमची नम्र विनंती की, अर्जांच्या हंगामात महिन्यातील एक रविवार वस्तीतील विहाराला द्यावा. पालकांचा अर्ज त्यांच्या वतीने भरून मोकळे होऊ नये. त्यांच्या शेजारी बसावे, प्रत्येक शब्दाचा अर्थ सांगावा आणि कळ त्यांच्याच बोटाने दाबू द्यावी.

ज्या मुलीची शिष्यवृत्ती आमच्या अज्ञानाने हुकली, तिचा पुढील वर्षीचा अर्ज तिने, तिच्या वडिलांनी आणि आम्ही एकत्र बसून भरला. ‘सबमिट’ची कळ वडिलांनी दाबली. पडद्यावर क्रमांक उमटला. तो त्यांनी खिशातील छोट्या वहीत, एकेक अंक उच्चारीत, स्वतःच्या हाताने लिहून घेतला आणि मग आम्हांस विचारले, “सर, आता गेला ना?” या वेळी आम्ही खात्रीने ‘होय’ म्हणू शकलो.

जयभीम. नमो बुद्धाय.